एचआरला नवीन लागलात आणि "लसीची पॉलिसी बनव" असं सांगितलंय? मग हे वाचा

सध्या महापे एमआयडीसीत एका फूड युनिटला एचआर बघते, त्याआधी ठाण्यात हॉस्पिटलला होते. दोन्हीकडे लसीची फाईल माझ्याच गळ्यात आली. नवीन पोरं सारखी विचारतात, "मॅडम, सरसकट कंपल्सरी करून टाकू का?" म्हणून लिहितेय.

आधी एक करा, कोविडच्या वेळचं सर्क्युलर काढून तारीख बदलून चिकटवू नका. तेव्हा ऑगस्ट 2021 पासून दोन डोस झाल्याशिवाय आपल्याला लोकलमध्येही चढता येत नव्हतं, मग कंपन्यांना वाटलं नोकरीलाही तीच अट लावू. पण 2 मे 2022 ला जेकब पुलियेल केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्यघटनेच्या कलम 21 मुळे (जगण्याचा आणि स्वतःच्या शरीरावरचा हक्क) कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही. लोक इथपर्यंतच वाचतात आणि व्हॉट्सॲपवर फिरवतात. त्याच निकालात पुढे आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार बंधनं घालू शकतं, फक्त ती परिस्थितीला धरून हवीत, आणि तेव्हा कोविडचे रुग्ण कमी असल्यामुळे लस न घेतलेल्यांवरची बंधनं कोर्टाला प्रमाणाबाहेर वाटली.

म्हणजे कोणतं काम, कोणती लस, कुठला नियम, हे जोडून बघायचं. एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा बघणारी केंद्राची संस्था) 2011 च्या नियमांत शेड्युल 4 आहे, त्यात खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा मेडिकल तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांची लस, दोन्हीचं रेकॉर्ड लागतं. त्यामुळे आमच्या पॅकिंग लाइनला आणि कँटीनला लस आहे, अकाउंट्सला नाही. साहेब म्हणाले सगळ्यांना एकच नियम ठेवा, मी म्हटलं अकाउंट्ससाठी कुठलं कलम लिहू ते सांगा. विषय संपला.

हॉस्पिटलला हेपेटायटिस बी, तीन डोस, 0-1-6 महिने, नंतर टायटर (रक्ततपासणीत दिसणारं अँटीबॉडीचं प्रमाण) 10 च्या वर आलाय का ते बघायचं. नर्सेसचं नीट होतं. राहतात त्या कॉन्ट्रॅक्टवरच्या हाउसकीपिंगच्या मावशी, कचऱ्यातली सुई टोचणार त्यांनाच, आणि लसीचा खर्च कंपनीचा की कॉन्ट्रॅक्टरचा यावर मेल-मेल चालू. हे आधी लेखी ठरवून घ्या, बाकीची पॉलिसी नंतर.

कुणी नाही म्हटलं तर लगेच पगार थांबवायच्या गोष्टी करू नका, आधी विचारा. आमच्याकडे बऱ्याच बायका नको म्हणत होत्या, बसून बोलल्यावर कळलं की लसीला विरोध नव्हताच, ताप आला तर दुसऱ्या दिवसाचा खाडा पडेल ही भीती. दुसऱ्या दिवसाची भरपगारी सुट्टी दिली, नकार जवळपास संपले. ॲलर्जी किंवा प्रेग्नन्सी असेल तर डॉक्टरांचं मत घ्या, तोवर दुसरं काम द्या. आणि संमतीचा फॉर्म मराठी-हिंदीत ठेवा, इंग्रजी फॉर्मवर "कुठे सही करू" एवढंच विचारतात हो.

आता रेकॉर्ड. एका ठिकाणी मी गेटवर यादी लावलेली बघितलीय, लस न घेतलेल्यांची नावं आणि पुढे कारणाचा रकाना. एका मुलीच्या नावापुढे 'प्रेग्नंट'. तिने अजून टीममध्येही कुणाला सांगितलं नव्हतं, वॉचमनला आधी कळलं!! मेडिकल माहिती आयटी ॲक्टच्या 2011 च्या नियमांत संवेदनशील माहितीत धरलीय. कारणं आणि सर्टिफिकेट कुलपात, सुपरवायझरकडे फक्त 'झालं / बाकी' एवढीच शीट.

त्या शीटमध्ये पुढची तारीख पण टाका, टायफॉइडची साधी पॉलिसॅकराइड लस दिली असेल तर तीन वर्षांनी परत द्यावी लागते, आणि ऑडिटवाले नेमकं तेच विचारतात.