पांढऱ्यावर पांढरं: वेबसाइटमधला लपवलेला मजकूर कसा शोधायचा आणि त्यातलं काय उडवायचं

सांगलीत हळद-बेदाणावाल्यांनी आता वेबसाइटी काढल्यात, चांगलंच आहे, पण अधूनमधून कोणतरी विश्रामबागेत माझ्याकडं येऊन बसतो आणि म्हणतो, भाऊ ते खाली पांढऱ्या अक्षरात लिहितात ना, तसलं काहीतरी करा की, गुगलवर वर आलो पाहिजे. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी पण केलंय. एका राजापुरी हळदवाल्याच्या पानाच्या तळाला पांढऱ्यावर पांढऱ्यात सेलम हळद, वायगाव हळद, ऑरगॅनिक हळद, सगळं ओतलं होतं. पुढं काय झालं, पुण्याहून एका ताईंचा फोन, वायगाव हळद पाच किलो पाहिजे. वायगाव म्हणजे वर्ध्याकडची, तिचं जीआय (भौगोलिक मानांकन) वेगळं, आपल्या सांगली हळदीचं वेगळं. मालक मला विचारतोय, आपण वायगाव कधी ठेवली रे? काय सांगणार त्याला.

तेव्हापासून मी एकच बघतो. लपवलंय का हे नाही, कुणापासून लपवलंय. गुगलला दाखवायचं आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही असं असेल तर ती फसवाफसवी, मग ती कितीही छोटी असू दे. गिऱ्हाइकानं बोट लावलं की उघडतंय, तर बिनधास्त ठेवा.

आता शोधायचं कसं. लॅपटॉपवर आपलंच पान उघडा आणि कंट्रोल ए दाबा. सगळा मजकूर निळा होतो, त्यात पांढऱ्यावरचं पांढरं लगेच उघडं पडतं. एवढ्यानं सगळं सापडत नाही, मग कंट्रोल यू दाबून सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडा आणि त्यात डिस्प्ले नन (display:none), फॉन्ट साइज झिरो (font-size:0), नाहीतर टेक्स्ट इंडेंटपुढं (text-indent) मायनस 9999 असला आकडा दिसतोय का बघा (हा मजकूर स्क्रीनच्या बाहेर ढकलून द्यायचा जुना जुगाड). दिसलं म्हणजे लगेच पाप नाही हां, मेनू, पॉपअप यांना पण डिस्प्ले नन लागतं, आत काय लिहिलंय ते वाचा.

तिसरं सर्च कन्सोल, साइटवाल्यांसाठी गुगलचंच साधन, फुकट आहे. त्यात यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये आपल्या पानाचा पत्ता टाकला की गुगलच्या बॉटला (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला) मिळालेला कोड बघायला मिळतो. तो आणि तुमच्या मोबाइलवरचं पान यात जमीन-अस्मानाचा फरक असला तर त्याला क्लोकिंग म्हणतात. हे मोठ्यांना पण भोवलंय, 2006 च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गुगलनं इंडेक्समधून, म्हणजे सर्चच्या यादीतून, काढून टाकली होती, बॉटसाठी जुन्या गाड्यांचे शब्द ठासून भरलेली पानं आणि माणूस आला की त्याला दुसरीकडं पळवायचं, असा प्रकार होता.

आणि इथं एक गोष्ट नीट ऐका. बऱ्याचदा हा मजकूर मालकानं टाकलेलाच नसतो. वर्डप्रेसची (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) पैशाची थीम, म्हणजे तयार डिझाइन, कुठूनतरी फुकट क्रॅक करून घेतली की तिच्या फुटरमध्ये औषधाच्या गोळ्यांच्या, जुगाराच्या लपवलेल्या लिंका येतात, नाहीतर साइट हॅक झालेली असते. गुगलवर इंग्रजीत साइट, कोलन (site:) आणि पुढं जागा न सोडता आपला डोमेन टाकून सर्च करा, हळदीच्या दुकानाच्या नावाखाली जपानी भाषेतली पानं दिसली तर घाबरू नका, पण पासवर्ड बदला आणि थीम मुळापासून नवी टाका.

ठेवायचं काय? टॅब, 'अजून वाचा', बोट लावल्यावर उघडणारे प्रश्न-उत्तर, हे सगळं ठेवा, मोबाइलवर जागा वाचते आणि गुगलला पण चालतं. फोटोचा ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ) तर पाहिजेच, ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) तोच वाचतो, पण तिथं 'हळकुंडं, पॉलिश केलेली' असं लिहा, पन्नास कीवर्ड (लोक शोधतात ते शब्द) कोंबू नका. कीवर्ड मेटा टॅगवर (कोडमध्ये असल्या शब्दांची यादी द्यायची जागा) तर वेळच घालवू नका, गुगलनं 2009 लाच सांगितलंय की आम्ही तो रँकिंगला बघत नाही.

लोक हळकुंड पण शोधतात, हळद पावडर पण, हल्दी पण. मग हे शब्द उघड लिहा की! कुठल्या गावची हळद, पॉलिश आहे का, किलोला काय दर, कुरिअरला किती दिवस. वायगाव नाही तर 'आमच्याकडं वायगाव मिळत नाही, राजापुरी मिळते, फरक असा' असं एक पानच करा, वायगाव शोधणारा पण तिथं येईल आणि खरं वाचेल.

आधीच दणका बसलाय का ते सर्च कन्सोलच्या मॅन्युअल ॲक्शनमध्ये (गुगलच्या माणसानं तपासून लावलेली शिक्षा) कळतं. असला तर आधी साइटभर साफ करा, एका पानावरचं काढून दुसऱ्यावरचं ठेवू नका, मग रिकन्सिडरेशन रिक्वेस्टमध्ये, म्हणजे गुगलला परत तपासा म्हणून करायच्या अर्जात, काय होतं आणि काय काढलं ते सरळ लिहा. उत्तराला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात, तोपर्यंत दुसरी रिक्वेस्ट पाठवू नका, आणि मालकाला ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर रोज सकाळी त्याचा फोन ठरलेला.