रात्रीची लेन्स सुरू करण्यापूर्वी

मायनस नंबर असलेल्या मुलाला ऑर्थो-के, म्हणजे रात्री घालून झोपायची लेन्स, लावायची असेल तर सर्वांत आधी त्याच्या डोळ्याची पुढून मागेपर्यंतची लांबी मोजून घ्या आणि तो मिलिमीटरमधला आकडा जपून ठेवा. ही लेन्स रात्रभरात कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, मधोमध किंचित सपाट करते, म्हणून सकाळी मूल चष्म्याविना फळा वाचतं आणि नंबर गेला असं वाटतं. तो गेलेला नसतो. लेन्स थांबवली की कॉर्निया पूर्ववत होतो. डोळा लांबत गेला की मायनस नंबर वाढतो; आत डोळा किती लांबला हे लांबीवरूनच कळतं, आणि सुरुवातीचा आकडाच नसेल तर पुढे तुलना कशाशी करणार?

खरा नंबर थेंब घालून काढावा लागतो. मात्र मंद उजेडातला बाहुलीचा आकार आणि कॉर्नियाचा नकाशा त्याआधीच घ्यायला सांगा, कारण थेंबांनी बाहुली पसरते. हा आकार महत्त्वाचा आहे. लेन्समुळे कॉर्नियाच्या सपाट भागाभोवती उंचवट्याचं कडं तयार होतं आणि डोळ्याची वाढ मंदावण्याचं काम त्या कड्यातून येणाऱ्या प्रकाशाचं असतं, असं मानतात. बाहुली मोठी असली की तो प्रकाश जास्त आत जातो. म्हणूनच लेन्सच्या मधल्या भागाचा व्यास किती ठेवणार, हे तज्ज्ञांना जरूर विचारा. ६ मिमीऐवजी ५ मिमी ठेवल्यावर डोळ्याची वाढ आणखी कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे.

चष्म्याचे जुने कागदही सोबत न्या. नंबर किती वेगाने वाढतोय, आईवडिलांना चष्मा कधी लागला, हे त्यावरून बोलता येतं. लहान वयात वाढ झपाट्याने होते, म्हणून सुरुवात लांबवण्यात शहाणपण नाही. हाँगकाँगमधल्या २०१२ च्या अभ्यासात ही लेन्स वापरणाऱ्या ६ ते १० वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांची वाढ, चष्मा लावणाऱ्यांच्या तुलनेत, दोन वर्षांत सरासरी ४३ टक्क्यांनी कमी झाली. सरासरीच ती, तुमच्या मुलाला तेवढाच गुण येईल असं धरून चालू नका. नंबर कमी असेल तर कड्याचा उंचवटाही कमी, मग डोळ्याची वाढ मंदावण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कमी मात्रेच्या अ‍ॅट्रोपीनच्या थेंबांची जोड द्यावी का, हे विचारून घ्या.

घरी झोपेची वेळ आधी लावून घ्या. रोज आठेक तास लेन्स डोळ्यात राहायला हवी. रात्री चुकत गेल्या की परिणाम पातळ होतो. दिवसा उघड्यावर दोनेक तास खेळणं सुरूच ठेवा. आणि हे वर्षा-दीड वर्षाचं काम नाही: चौदाव्या वर्षाआधी लेन्स सोडल्यावर वाढीने पुन्हा वेग घेतल्याचं आढळलं आहे.

स्वच्छतेत मात्र सूट नको. हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे, लेन्सला आणि डबीला नळाचं पाणी लावायचं नाही. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. लेन्स आणि डबी सोबत न्या, जंतूंच्या तपासणीला ती लागू शकतात.