ग्रुपवर जाहिरात टाकली, पण ऑर्डर येईना? या चुका टाळा

नवरात्र संपलं की आमच्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फराळाच्या जाहिराती सुरू होतात. "घरगुती दिवाळी फराळ, ऑर्डर घेणे सुरू", खाली चकलीचा फोटो आणि नंबर. दहा मिनिटांत तसाच दुसरा मेसेज, लगेच तिसरा. रात्रीपर्यंत ॲडमिनचा निरोप येतो, "कृपया ग्रुपवर जाहिराती टाकू नयेत." मी सात वर्षं डोंबिवलीत घरून भाजण्या, मसाले आणि मेतकूट विकते आहे आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपची ॲडमिनही आहे. मेहनतीने उत्तम पदार्थ करणाऱ्या बायकांचे मेसेज कुणी न वाचताच पुढे सरकतात, हे मला रोज दिसतं आणि त्याचं वाईट वाटतं. पदार्थात खोट नसते, तो ज्या रीतीने लोकांपुढे येतो तिथे चुकतं.

आल्या आल्या दुकान मांडणं

पहिल्या वर्षी मी एका दुपारी अकरा फेसबुक ग्रुपांत शिरले आणि सगळीकडे तोच मजकूर, तोच फोटो चिकटवला. दोन ग्रुपांतून मला काढलं. चार ठिकाणी पोस्ट मंजुरीविना पडून राहिली. पुढचे काही दिवस फेसबुकने मला कुठल्याच ग्रुपात लिहू दिलं नाही. थोड्या वेळात अनेक ठिकाणी एकच मजकूर टाकला की तिथली यंत्रणा त्याला स्पॅम समजते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ग्रुपात गेल्यावर आधी वर पिन केलेले नियम वाचा. बऱ्याच ग्रुपांत विक्रीसाठी एखादा वार ठरलेला असतो किंवा एकच धागा असतो, सगळ्यांनी आपापली जाहिरात त्याखाली लिहायची. १९९६ पासून चालू असलेल्या मायबोली या मराठी संकेतस्थळावर जाहिरातींना वेगळी जागा आहे. तिथे पाककृतीच्या चर्चेत मध्येच आपला नंबर टाकणं म्हणजे कुणाच्या घरी जेवायला बसल्यावर पिशवीतून पापडाची पाकिटं काढण्यासारखं आहे. आणि नियम लिहिलेले नसतील तर ॲडमिनना दोन ओळींत विचारा. ॲडमिन म्हणून सांगते, विचारून आलेल्या माणसाला मी आजवर नाही म्हटलेलं नाही.

विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं.

ग्रुपवर कुणीतरी कळवळून विचारतं, "अनारसे तुपात सोडले की हसतात, म्हणजे फुटून पसरतात, काय करू?" खाली आठ जणी लिहितात, "आमच्याकडे तयार अनारसे मिळतील, इनबॉक्स करा." त्या बाईसमोर कढई तापलेली आहे, तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचं पीठ समोर आहे आणि तिला विकत काही नको आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका प्रश्नाला मी लिहिलं होतं, "गूळ जास्त झालाय किंवा पीठ सैल आहे. थोडी तांदळाची पिठी घालून मळा, आच मंद ठेवा आणि आधी एकच अनारसा सोडून बघा." माझ्या मालाचा उल्लेखही केला नाही. तासाभराने तिने जाळीदार अनारशांचा फोटो टाकला. त्याच आठवड्यात तिच्यासकट पाच जणींनी माझं नाव उघडून पाहिलं, मी काय करते ते वाचलं आणि चकलीची भाजणी मागवली.

तेव्हापासून मी रोज अर्धा तास फक्त प्रश्न शोधते. चकली तेलात विरघळते म्हणजे मोहन जास्त झालं. बाहेरून लाल आणि आतून मऊ राहते म्हणजे आच मोठी होती. गोड्या मसाल्याला कडवट चव येते तेव्हा बहुतेक वेळा खोबरं किंवा तीळ करपलेले असतात. हे सगळं आपल्याला हातखंडा येतं आणि त्याला किंमत आहे. मसाला विकणारीने मसाल्याबद्दल बोलावं, शिवणकाम करणारीने ब्लाउजचा मुंढा का ओढला जातो ते सांगावं, सायकल दुरुस्त करणाऱ्याने चेन का उतरते ते सांगावं. उत्तर पूर्ण द्या. अर्धं सांगून "बाकी माहितीसाठी संपर्क करा" म्हटलं की वाचणाऱ्याला ते लगेच समजतं.

थेट "कुणाकडे चांगली भाजणी मिळेल?" असं विचारलेलं असेल तेव्हा मात्र संकोच करू नका. तीच आपली वेळ. "मी करते, डोंबिवली पूर्व, अर्धा किलोचं पाकीट, किंमत अमुक, शनिवारी पोचवते," एवढं पुरे.

दुसऱ्याच्या तोंडून स्वतःचं कौतुक

बहिणीच्या अकाउंटवरून प्रश्न विचारायचा आणि आपण उत्तर द्यायचं, किंवा भाच्याला "मस्त चव, नक्की घ्या" लिहायला लावायचं. हे कितीतरी जण करतात आणि त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटतही नाही. लहान ग्रुपात आडनावावरून, फोटोवरून नातं ओळखू येतं, आणि एकदा ओळखू आलं की खऱ्या गिऱ्हाइकाने केलेलं कौतुकही कुणी मानत नाही. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. विकणाऱ्याने पैसे देऊन किंवा माणसं लावून लिहून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असं त्यात म्हटलं आहे. आपला धंदा लहान आहे म्हणून ही फसवणूक लहान ठरत नाही. बहिणीला लिहायचंच असेल तर तिने "माझ्या ताईचा उद्योग आहे" असं उघड लिहावं. त्याने ऑर्डर कमी होत नाहीत, हे अनुभवाने सांगते.

"किंमत इनबॉक्स"

किंमत लपवू नका. विचारणाऱ्याला वाटतं, माणूस बघून भाव सांगणार. वजन, किंमत, किती दिवस टिकतं, कुठवर पोचवता आणि खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक पोस्टमध्येच द्या. फोटो आपल्याच पदार्थाचा हवा. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो आणि हातात पडलेलं पाकीट यांत फरक दिसला की पुढची ऑर्डर येत नाही.

मेसेज जातो, पण पोचत नाही

याची कारणं बहुतेक तांत्रिक असतात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज मिळतो. "दोनशे जणांना पाठवला, एकाचंही उत्तर नाही" अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा आणि पाकिटावरच्या चिठ्ठीत नंबर सेव्ह करण्याची विनंती छापा. न विचारता लोकांना स्वतःच्या विक्रीच्या ग्रुपात ओढू नका. कुणाला आपल्याला ग्रुपात घेता येईल हे ठरवण्याची सोय २०१९ पासून प्रत्येकाच्या हातात आहे. शिवाय अशा मेसेजबद्दल बऱ्याच जणांनी तक्रार केली तर तुमचा नंबरच बंद होऊ शकतो, आणि त्याच नंबरवर सगळी जुनी गिऱ्हाइकं असतात. धंद्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस वापरा. त्यात कॅटलॉग करता येतो, मग दरपत्रक प्रत्येकाला वेगळं पाठवावं लागत नाही.

फेसबुकवर पोस्ट दिसत नसेल तर ती ॲडमिनच्या मंजुरीसाठी थांबलेली असू शकते. पुन्हा पुन्हा टाकू नका, दोन दिवस थांबून विचारा. रेडिट या चर्चेच्या साइटवर नव्या अकाउंटची पोस्ट कित्येकदा आपोआप काढली जाते आणि आपल्याला मात्र ती जागेवरच दिसत राहते. लॉगआउट करून तीच लिंक उघडा, म्हणजे खरं काय ते कळेल. तिथे आधी काही आठवडे इतरांच्या चर्चांत भाग घेऊन थोडा कर्मा, म्हणजे इतरांच्या पसंतीने मिळणारे गुण, जमवावा लागतो.

तक्रारीवर वाद

एका पावसाळ्यात एका ताईंनी भर ग्रुपात लिहिलं, "मेतकुटाला कुबट वास येतोय." वाचून माझे हात थरथरले. मी ॲडमिन होते, तो मेसेज सगळ्यांसाठी पुसू शकले असते. पुसला नाही. घरातलं उरलेलं पाकीट उघडलं, वास खराच होता. डाळी भाजून गार होण्याआधी दळल्या होत्या आणि दमट हवेत पाकिटं भरली होती. ग्रुपवर तसंच लिहिलं, त्या खेपेची पाकिटं कुणाकुणाला गेली ते वहीतून काढून प्रत्येकीला नवीन मेतकूट दिलं. खर्च झाला, पण त्यातली एकही घेणारी सुटली नाही.

तक्रारीला "तुम्ही नीट ठेवलं नसेल" असं उत्तर देऊ नका आणि मैत्रिणींना बाजू मांडायला बोलावू नका. आधी माल तपासा. चूक तुमची नसेल तरी शांतपणे, तिथेच, एकदाच उत्तर द्या आणि पुढचं फोनवर बोला.

उघड्या नंबरचा धोका

मोठ्या ग्रुपात नंबर टाकला की कधीतरी फोन येतो, "लष्करी छावणीतून बोलतोय, पंचवीस किलो फराळ हवा." भाव केला जात नाही. पैसे देतो म्हणून क्यूआर कोड पाठवतात आणि स्कॅन करून पिन टाका म्हणतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फोन ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा आणि फसवणाऱ्याचा नंबर ग्रुपवरही सांगा, कारण पुढचा फोन शेजारच्या लाडूवाल्या काकूंनाच जाणार असतो.