वाळूचा हिशेब धरा: पोर्तुगालच्या किनाऱ्यावर चालताना या चुका टाळा

सह्याद्रीतले किल्ले पालथे घालणारी मंडळी पोर्तुगालच्या ‘रोता व्हिसेंतीना’ या पायवाटांच्या जाळ्याची माहिती वाचतात आणि निर्धास्त होतात. फारसा चढ नाही, बरेचसे टप्पे वीस किलोमीटरच्या आतबाहेर, रात्री गावात मुक्काम. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते.

यातली ‘मच्छिमारांची वाट’ सिनिश गावाच्या दक्षिणेपासून लागूशपर्यंत जाते, अंतर सुमारे २२६ किलोमीटर. गोव्यातलं वास्को शहर ज्याच्या नावाने ओळखलं जातं, त्या वास्को द गामाचं सिनिश हे जन्मगाव. गळ टाकायला कड्यांवर जाणाऱ्या स्थानिकांच्या पाऊलवाटा जोडून हा मार्ग झाला आहे आणि तो बराचसा वाळूच्या टेकड्यांवरून जातो. पोर्तु कोवु ते विला नोवा दि मिलफोन्तिश या २० किलोमीटरमध्ये पाय घोट्यापर्यंत रुततो. टाच टेकली की वाळू मागे सरकते आणि पोटऱ्या भरून येतात. घाटवाटेवर कमावलेला दम इथे अर्धाच उपयोगी पडतो. तासाला तीन किलोमीटर धरा आणि सकाळी लवकर निघा.

बुटांचीही तीच गत. पावसाळी ट्रेकचे जाड वॉटरप्रूफ बूट इथे नकोत. पाय आत घामेजतो, ओल्या मोज्यात वाळू शिरते आणि दुपारपर्यंत फोड येतो. जाळीचे, अर्धा नंबर मोठे बूट आणि वर गेटर (बुटात वाळू जाऊ न देणारं कापडी आवरण) घाला. पाय कुठे चुरचुरायला लागला तर पुढच्या गावाची वाट न बघता तिथेच बसा. बूट झटका, पाय कोरडा करा, टेप लावा, मोजे बदला. ही दहा मिनिटं फुकट गेली असं वाटतं, पण पुढचे दोन दिवस त्यावरच निघतात.

जुलै-ऑगस्ट टाळाच. सावली जवळपास नाही आणि दोन गावांच्या मधे बहुतेक ठिकाणी पाणीही मिळत नाही. माणशी दोन लिटर तरी निघतानाच भरून घ्या. उन्हाळ्यात उत्तरेकडून जोराचा वारा सुटतो, वाळू डोळ्यांत जाते. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला चाला, वारा पाठीवर राहतो.

आता कड्यांबद्दल, कारण ही चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. काबु सार्दाऊं या भूशिराच्या आसपास समुद्रातल्या सुळक्यांवर पांढरे करकोचे घरटी करतात. खाली लाटा फुटत असतात आणि वर पिल्लं चोची उघडून बसलेली. असं दृश्य जगात इतरत्र दिसत नाही, त्यामुळे फोटोसाठी माणूस नकळत पुढे सरकतो. पण कडा खालून पोखरलेला असतो, वरून ते कळत नाही. टोकावर गळ टाकून बसलेला स्थानिक माणूस दिसला म्हणून तुम्ही तिथे जाऊ नका. त्याला तो खडक लहानपणापासून माहीत आहे. झूम लेन्स न्या.

वाट चुकल्यासारखी वाटली तर खुणा बघा. हिरवा आणि निळा, असे दोन आडवे पट्टे म्हणजे बरोबर. फुली म्हणजे तिकडे जायचं नाही. बराच वेळ खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. टेकड्यांवरून आडवं घुसू नका, तिथली झुडपं वाळू धरून ठेवतात. लाल-पांढरे पट्टे दिसू लागले तर तुम्ही आतल्या भागातल्या ‘ऐतिहासिक मार्गा’वर आहात. काही ठिकाणी दोन्ही मार्ग एकत्र येतात, तेव्हा लगेच घाबरू नका.

मुक्काम ठरवताना नकाशा नीट बघा. ओदसेइश गाव आणि ओदसेइशचा समुद्रकिनारा यांच्यात तीनेक किलोमीटरचं अंतर आहे; दमून आल्यावर ते फार जाणवतं. तंबू ठोकायचा विचार असेल तर सोडून द्या, हे संरक्षित निसर्ग उद्यान आहे आणि उघड्यावर मुक्कामाला बंदी आहे.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘भाजीचं सूप’ ऐकून मागवू नका. हिरव्या पानांच्या काल्दु व्हेर्द सुपातही बहुधा डुकराच्या सॉसेजच्या चकत्या असतात. आधी विचारा, आणि पिशवीत ब्रेड, चीज, फळं ठेवा. अडचण आली तर आपत्कालीन नंबर ११२.