गच्चीला चुना मारला, खालची खोली निवली

नागपुरात आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खाली सोडतो. आईला झोप लागेना.

गच्ची झाडून धुतली. कळीचा चुना लोखंडी पिंपात रात्रभर भिजवला. भिजताना तो अक्षरशः उकळतो, मुलांना लांब ठेवा. चष्मा, हातमोजे हवेतच. गाळून त्यात फेविकॉल घातलं आणि ऊन उतरल्यावर पातळ हात मारला, तो वाळल्यावर दुसरा.

आता दुपारी आतून छताला हात लावला तर चटका बसत नाही. अहमदाबादने २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायला घेतली. आपल्याकडच्या टिनाच्या घरांना तर याची गरज सर्वांत आधी आहे. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दर मार्चमध्ये पुन्हा मारायचा.