फॉस्टर केअरमधल्या लेकरासाठी मंडळीनं काय करावं, काय टाळावं

मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, एखाद्या कुटुंबानं फॉस्टर केअरमधलं (आईवडील सांभाळू शकत नाहीत म्हणून काही काळ दुसऱ्या घरी ठेवलेलं) मूल घरी आणलं, की पहिल्याच रविवारी त्याला पुढे बोलावून टाळ्या वाजवायचा मोह आवरा. कौतुक पालकांचं होतं, अवघडतं ते लेकरू. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख जाहीर करणं गुन्हा आहे. त्यामुळे तरुण संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो नको आणि प्रार्थनेच्या विनंतीत नावही नको. त्याच्या आईचं काय झालं, याची चर्चा तर नकोच.

मग मदतीचं बघा. "काही लागलं तर सांगा" म्हटलं की कुणी सांगत नाही. "मंगळवारी डबा आणू का?" असं विचारा. महिला मंडळानं दोन महिन्यांची डब्यांची पाळी लावावी. पहिल्या आठवड्यात सगळेच बिर्याणी घेऊन धावतात. खरी गरज पडते तिसऱ्या आठवड्यानंतर, मूल रात्र रात्र जागतं तेव्हा. डबा दारातच द्या आणि निघा.

कागदपत्रांचं काम कुणालाच आवडत नाही, म्हणून ते मंडळीनं उचलावं. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मिशन वात्सल्यमधून ४,०००. आपल्याला कोणती लागू होते, ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. प्रत्येक मंडळीत एखादा निवृत्त शिक्षक किंवा कारकून असतोच. सरकारी टेबलांची त्याला सवय असते, त्यालाच सोबत पाठवा.

शब्बाथ शाळेच्या (चर्चमधल्या मुलांच्या धर्मवर्गाच्या) शिक्षकांना आधीच सांगून ठेवा: "आईबाबांसाठी प्रार्थना करू या" याऐवजी "घरच्यांसाठी" म्हणा. मुलाला बाहेर न्यायचं तर सोबत दोन मोठी माणसं हवीत, मग शिक्षक वीस वर्षं जुना का असेना.

मूल दुसऱ्या धर्मातलं असेल तर त्याची दिवाळी किंवा ईद त्या घरात व्हायला हवी. बाप्तिस्म्याचा विषयही काढू नका. तो मुलाच्या विश्वासाला तडा देईल आणि कुटुंबाला अडचणीत आणेल.

फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नव्हे. आईवडील सावरले, की बाल कल्याण समिती (अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्यातली सरकारी समिती) मुलाला त्यांच्याकडे परत पाठवू शकते. हे पाळकसाहेबांनी मंडळीला सुरुवातीलाच सांगावं. मूल गेलं, की त्या घरात सवयीनं एक ताट जास्तीचं वाढलं जातं आणि परत उचललं जातं. त्या आठवड्यात पुन्हा डबा न्या, थोडं बसाही. "आता दुसरं कधी आणणार?" एवढं मात्र विचारू नका.