कार्तिक महिन्यात मुलांना चंद्रकला कशा शिकवाव्यात

प्राथमिक शाळेत चंद्रकलांचा धडा बहुधा फळ्यावर आठ चंद्र काढून सुरू होतो. त्याऐवजी एक संपूर्ण चांद्रमास आकाशातच पाहावा आणि कारण नंतर सांगावे, हा क्रम मुलांना अधिक मानवतो. कोल्हापुरात पावसाळाभर आभाळ झाकलेले असते, म्हणून निरीक्षणासाठी कार्तिक निवडावा. आपल्याकडे महिना अमावास्येला संपत असल्यामुळे चंद्राचे सुमारे साडेएकोणतीस दिवसांचे आवर्तनही त्यात नेमके बसते.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मुलांना रंकाळ्याच्या पूर्व काठावर न्यावे, कारण तेथून पाण्यापलीकडे पश्चिमेचे आभाळ मोकळे दिसते. सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात बारीक कोर दिसू लागते आणि लवकरच मावळते. चित्रातील कोर सरळ उभी असते, प्रत्यक्षातील कोर मात्र तिरकी असून खालून उजवीकडे उजळलेली असते (चैत्रात पाहिल्यास ती होडीसारखी जवळजवळ आडवी दिसते). उजळ बाजू नुकत्याच मावळलेल्या सूर्याकडे आहे, ही गोष्ट मुलांकडूनच वदवून घ्यावी. पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

त्यानंतर रोज एकाच वेळी वहीत चंद्राचा आकार व दिशा काढायला सांगावे. चंद्र रोज थोडा पूर्वेकडे सरकतो आणि भरत जातो. शुद्ध अष्टमीला सूर्यास्ताच्या सुमारास तो दक्षिणेकडे उंचावर अर्धा दिसतो, तर त्रिपुरी पौर्णिमेला सूर्यास्ताच्याच सुमारास पूर्वेला पूर्ण उगवतो. पौर्णिमेनंतर चंद्रोदय रोज सरासरी 50 मिनिटांनी लांबतो. संकष्टीला घरातील मोठी माणसे जेवणासाठी चंद्राची वाट का पाहतात, हे मुलांना येथे उमगते. वद्य अष्टमीपासून निरीक्षण सकाळी शाळेत जाताना करावे. दिवसा चंद्र दिसतो यावर काही मुलांचा आधी विश्वासच बसत नाही.

वही भरल्यावर खोलीत अंधार करून मुलाच्या डोक्याच्या उंचीवर एक उघडा बल्ब लावावा. बल्ब हा सूर्य, मुलाचे डोके ही पृथ्वी आणि पेन्सिलीला टोचलेला थर्मोकोलचा चेंडू हा चंद्र. हात लांब करून चेंडू डोक्याहून किंचित वर धरावा आणि मुलाने बल्बकडे तोंड करून डावीकडे सावकाश वळावे. समोर बल्ब असताना चेंडूची अंधारी बाजू दिसते, ती अमावास्या. पाव फेरीनंतर उजवा अर्धा भाग उजळतो, बल्बकडे पाठ झाली की पूर्ण चेंडू आणि पाऊण फेरीला डावा अर्धा. प्रत्येक ठिकाणी थांबून वहीतील चित्राशी ताडून पाहावे. चेंडूचा अर्धा भाग सतत उजळलेलाच असतो, फक्त त्यातील आपल्याला दिसणारा हिस्सा बदलतो, हे येथे ठासून सांगावे, कारण पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्र लहान होतो असा गैरसमज अनेक मोठ्यांचाही असतो.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, असे एखादे चौकस मूल विचारतेच. त्याला चेंडू डोक्याच्या रेषेत धरायला सांगावे. पाठीमागे येताच त्यावर डोक्याची सावली पडते. खऱ्या चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली असल्यामुळे तो बहुतेक पौर्णिमांना पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.